सहा घड्यांचा दोरा

“बाई, दोरा नको. आकडा सांगा.”

ती हे एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजारची दोन मशीनं थांबली. तिचा आवाजच तसा होता. घरात चार माग, दिवसभर खडखडाट. त्यात राहिलेलं माणूस हळू बोलायचं विसरूनच जातं. ती कबनूरहून यायची म्हणून वर्गात सगळ्या तिला कबनूरकरीण म्हणत. माझा आवाज अगदी उलटा. बावीस वर्षं शिवणक्लास घेतला, पण माझं बोलणं तिसऱ्या मशीनच्या पलीकडं कधी गेलं नाही.

तिनं विचारलं होतं, छाती चौतीस असेल तर मुंढा किती घ्यायचा. मुंढा म्हणजे बाही अंगाला जोडायची ती गोलाई. ब्लाऊज बसला की फसला ते तिथं कळतं. मी नेहमीसारखा गळ्यात अडकवलेला दोरा काढून तिच्यापुढं धरला होता.

“चौतीसावर तोड. तीन पदर कर, मग मधून एकदा दुमड. ही सहावी घडी. वर अंगठ्याचं एक पेर मिळव.”

“ते येतंय की मला. झोपंत बी करीन. पर पेपरात दोरा कुठं चिकटवू? लेखीत आकडा मागत्यात.”

बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, “उद्या सांगते.” मग एका नव्या मुलीच्या बॉबिनमध्ये उगाचच डोकं घातलं. बॉबिनला काही झालेलं नव्हतं.

मला तो आकडा माहीतच नव्हता. चौतीसला सहानं भागायचं कसं ते मला येत नव्हतं.

आमच्या गावात, पन्हाळ्याच्या पायथ्याला, शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी खालच्या गावाला जावं लागायचं. भावाला पाठवलं, मला आत्तीकडं बसवलं. आत्ती म्हणजे वडिलांची बहीण. ती माहेरीच राहायची आणि गावातल्या बायकांच्या चोळ्या, झंपरं शिवायची. तिच्याकडं टेप नव्हती. खुंटीला दोरे लटकवलेले असायचे, प्रत्येक बाईचा एक. पहिली गाठ छातीची, दुसरी कमरेची, तिसरी दंडाची. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून टोकाला त्या बाईच्या जुन्या चोळीची चिंधी. बाई बाळंतीण होऊन आली की आत्ती तिची गाठ सोडून पुढं सरकवायची. कुणी गेली तर तिचा दोरा खुंटीवरून काढून तिच्या घरी नेऊन द्यायची. मोठमोठ्यानं रडणाऱ्या लेकी तो दोरा हातात आला की गप्प व्हायच्या.

आत्ती शाळेत कधी गेलीच नव्हती. पण दोरा दुमडून चौथा भाग, सहावा भाग, बारावा भाग ती असा काढायची की कापड हातचं कधी गेलं नाही. तिनं मला एकच नियम घातला होता. कापडाला कात्री लागली की बोलायचं नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. लाजऱ्या मुलीला हा नियम फार सोयीचा होता.

लग्न होऊन कोल्हापुरात आले. नवरा फौंड्रीत. पेठेत दोन खोल्या. शेजारणींचे ब्लाऊज शिवायला लागले आणि एक ब्लाऊज महिला मंडळाच्या मॅडमच्या नजरेला पडला. त्यांनी बोलावणं धाडलं. मंडळात शिवणाचा वर्ग होता, सरकारी परीक्षेला बायका बसवायच्या होत्या, आधीची शिक्षिका सोडून गेली होती. मॅडम उंच, गोऱ्या, बोलणं तुटक. समोर रजिस्टर उघडून बसलेल्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “सातवी पास आहात ना?”

मी मान हलवली.

खोटं बोलायचं ठरवून गेले होते असं नाही. त्यांनी विचारलं अशा तऱ्हेनं की ‘नाही’ म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. आणि ‘हो’ म्हणायला नुसती मान पुरली. त्यांनी ‘सातवी’ लिहिलं, मी सही केली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “त्यात काय? शिलाईला का शाळा लागत्या?” पुढं लेक मोठी झाली, तिच्या शाळेच्या फॉर्मवर आईचं शिक्षण लिहायचं होतं. तिथंही मी सातवीच सांगितलं. एकदा हललेली मान परत कशी फिरवायची?

वर्ग चांगला चालला. लेखी परीक्षेचा भाग मॅडम स्वतः शिकवायच्या, कापणं आणि शिवणं माझ्याकडं. वीस वर्षं असंच चाललं. मग मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिना चढवेना. एक दिवस त्यांनी फोन करून सांगितलं, “लेखीचे तासही आता तुम्हीच घ्या. तुम्हाला काय, सगळं पाठच असेल.” मी फोनवरसुद्धा मानच हलवली. मग ‘बरं’ म्हणाले.

दोन वर्षं मी काय केलं ते इथं लिहिते, कारण हे कुणाला सांगितलेलं नाही. गाईडबुक आणलं आणि मुलींना म्हटलं, “यातलं उतरून घ्या.” दहावी-बारावी झालेल्या मुली आपापल्या परीनं निभावून गेल्या. ज्या नापास झाल्या त्यांच्याबद्दल मी मनात म्हटलं, अभ्यास केला नसेल. कबनूरकरीण पहिल्या वेळी नापास झाली तेव्हाही हेच म्हटलं. तिचं प्रात्यक्षिक वर्गात सगळ्यात चांगलं होतं. तिच्या हातात कात्री पाण्यासारखी चालायची. लेखीत मात्र गेली.

म्हणून ती पुन्हा बसली होती. आणि आता आकडा मागत होती.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती गेली नाही. मी कुलूप लावून जिना उतरले तर खालच्या पायरीवर बसलेली. डबा मांडीवर, पण उघडलेला नाही.

“बसा की, बाई.”

मी उभीच राहिले. ती पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, “तुम्हास्नी येत न्हाई, व्हय?”

मी म्हणाले, “काय?”

“भागाकार.”

मी म्हणाले, “उद्या लिहून आणते. सगळ्या मापांचा तक्ता करून देते.”

“देताय न्हवं? बघा हं. मी सातवीत गेलतो तवाच लग्न लावलं. सगळं इसरलोय. आमच्या सासूबाईंनी सांगितलंय, यंदाचं यकच साल. पास झालीस तर दारात पाटी लाव, क्लास काढ, मी पोरास्नी बघती. न्हाई तर मुकाट्यानं मागाला सुताच्या कांड्या भरायला बस.” तिनं दोन्ही हात पुढं केले. “कांड्या भरून भरून बोटं कशी झाल्यात बघा. सूत कापतंय. हितं सुई धरायला लागल्यापासनं जरा बरी झाल्यात.”

तिच्या तर्जनीवर आडव्या बारीक चिरा होत्या, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या.

“कुणाला न्हाई बोलत मी,” जाताना ती म्हणाली. “पर तक्ता द्या.”

परीक्षेचे फॉर्म पाठवायला तीन आठवडे होते. त्याआधी मंडळात सराव परीक्षा व्हायची. त्यात जी नापास, तिचा फॉर्म पुढं जात नसे. हा मॅडमचाच नियम होता; गेल्या वर्षी त्या आल्या नाहीत म्हणून ती झालीच नव्हती, यंदा घ्यायचीच असं त्यांनी कळवलं होतं. निकाल खराब लागला तर मंडळाचं नाव जातं, असं त्या म्हणत.

घरी आले. लेकीला फोन करून विचारलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. नंबर लावलाही. ती “काय गं आई?” म्हणाली आणि मी म्हटलं, “काही नाही, जेवलीस का?” तिला काय विचारणार होते? सातवी झालेल्या बाईला भागाकार येत नाही असं कसं?

मग मला वाटलं, आकडा दोऱ्यातच आहे की. दोरा दुमडायचा आणि टेपवर ठेवायचा. जो आकडा येईल तो लिहायचा. दुपारी दार लावून बसले. अठ्ठावीसपासून बेचाळीसपर्यंत एकेक दोरा तोडला, तीन पदर, मग मधून दुमड, टेपवर धरला, वहीत लिहिला. पाव, अर्धा, पाऊण मला चांगलं येत होतं. अधेमधे आलं तिथं ‘पाऊणला जरा कमी’ असं लिहिलं. दोन दुपारी लागल्या. मुंढ्याचा तक्ता झाला. खाली रेघ मारली तेव्हा मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं इतकं मोकळं वाटलं. शाळेत पाढा पाठ झाल्यावर वाटायचं तसं.

तिला तक्ता दिला. तिनं तो ब्लाऊजच्या आत ठेवला. रोज बसमध्ये पाठ करत यायची आणि जिन्यातूनच ओरडायची, “बाई, छत्तीस, सात! बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणायचे.

“तीस, सहा!”

“बरोबर.”

वर्गात पेठेतल्याच एका घरची बी.कॉम. झालेली सून होती, ती एकदा चष्म्यातून बघून म्हणाली, “पाठ कशाला करतेस गं? भागायचं असतं ते.”

“तू भाग,” कबनूरकरीण म्हणाली. “माझ्याजवळ बाईंचा तक्ता हाय.”

सराव परीक्षेच्या दिवशी मॅडम काठी टेकत वर आल्या. दोन वर्षांनी पहिल्यांदाच. चौदा बायका भिंतीला पाठ लावून बसल्या. पहिला तास लेखी, मग कापडावर आखणी आणि कापणी. कापड ज्याचं त्यानं आणायचं. कबनूरकरीण आपल्या नवऱ्याच्या मागावरचं कोरं कापड घेऊन आली होती, अजून धुतलेलंही नव्हतं, खळीचा वास येत होता. तिनं ते मला दाखवलं होतं. “आमच्या मालकांनी दिलंय,” म्हणाली. “म्हणाले, मापात काप, न्हाई तर पुसणं होईल त्याचं.”

लेखी झालं. मॅडमनी पेपर गोळा केले आणि टेबलापाशी बसून लाल पेनानं तपासायला लागल्या. बायका जमिनीवर कापड पसरून आखायला लागल्या. मी दाराजवळ उभी. परीक्षेत शिक्षिकेनं बोलायचं नसतं. नुसतं फिरायचं.

फिरता फिरता कबनूरकरणीपाशी आले. तिनं चार घड्या नीट घातल्या होत्या, खांदा बरोबर, गळा बरोबर. मग खडूनं मुंढा काढला. मी तो बघितला आणि तिथंच थांबले.

मुंढा खोल होता. एक इंचानं खोल. असा ब्लाऊज घालून बाईनं हात वर केला की सगळा ब्लाऊज वर चढतो. माझ्या हाताखालून गेलेली कुठलीही मुलगी अशी चूक करत नाही. ही तर नाहीच नाही. तिनं टेप लावली, मोजलं, परत मोजलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती. तिच्या डोळ्यालाही ते बरोबर वाटत नव्हतं. तरी तिनं रेघ खोडली नाही.

मग मला समजलं. ते समजणं असं होतं की बोटात सुई शिरावी.

आत्तीनं शिकवलं होतं, सहावी घडी आणि वर अंगठ्याचं पेर. चाळीस वर्षं माझा हात नुसत्या घडीवर कधी थांबलाच नव्हता. घडी घातली की अंगठा आपोआप पुढं टेकायचा. तक्ता करताना मी दुमडलेला दोरा टेपवर धरला तेव्हाही अंगठ्याचं पेर त्यात धरलं होतं. प्रत्येक वेळी. माझ्या तक्त्यातला प्रत्येक आकडा मिळवून झालेला होता. आणि पेपरात गाईडप्रमाणे सहावा भाग लिहून त्यात एक इंच मिळवायचा असतो. तिनं माझा आकडा घेतला आणि त्यात आणखी एक मिळवला. छत्तीसला सात, अधिक एक, आठ.

तिकडं टेबलावर मॅडमचं लाल पेन थांबलं. त्यांनी पान उलटलं, परत मागं आल्या. चष्मा काढून पुसला.

इकडं तिनं कात्री उचलली.

बोलायचं नाही. परीक्षेत बोलायचं नाही, आणि कात्री उचलल्यावर तर नाहीच. मी तिच्या हाताकडं बघत राहिले. कात्रीचं तोंड उघडलं. खालचं पातं कापडाखाली सरकलं. मी मनात म्हणत होते, तिलाच कळू दे, देवा, तिलाच कळू दे आणि ती थांबू दे. म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

ती थांबली नाही. खांद्याकडून एक बोटभर कापलं गेलं.

“थांब,” मी म्हणाले. “कापू नको.”

माझा आवाज सगळ्या खोलीत ऐकू गेला. मलाच तो ओळखू आला नाही. चौदा माना वर झाल्या.

“बाई,” मॅडम म्हणाल्या, “परीक्षा चालू आहे.”

“हो,” मी म्हणाले आणि तशीच उभी राहिले.

मॅडमनी पेपर हातात धरून वर केला. “हा कबनूरचाच पेपर ना? बाकी सगळं ठीक आहे. पण मुंढे बघा. पाचही मुंढे चुकले, पाचही एकाच इंचानं. एखादं चुकलं तर चूक म्हणता येते. हे तर पाठ करून चुकवलंय. कुठून शिकलीस हे?”

कबनूरकरणीनं माझ्याकडं बघितलं. मग मॅडमकडं. ब्लाऊजमधला तक्ता तिनं वरूनच हातानं दाबला.

“माझंच चुकलं, मॅडम,” ती म्हणाली. हळू आवाजात. तिला असा आवाज आहे हे त्या पायरीवर बसल्या दिवशी मला कळलं होतं.

“तुझंच म्हणजे काय? तक्ता पाठ केल्यासारखं लिहिलंयस. कुणाचा?”

“माझाच. मीच केला. मला हिशोब येत न्हाई.”

“मग यंदा फॉर्म नको. नीट शिक, पुढच्या वर्षी बस.” मॅडमनी तिचा पेपर बाजूला ठेवला. उपडा. मग पुढचा उचलला.

पुढचं वर्ष नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. ती कात्री खाली ठेवून त्या कोऱ्या कापडाची घडी घालायला लागली, नीट, काठाला काठ जुळवून. तिचा अंगठा तर्जनीवरून सारखा फिरत होता, त्या चिरांवरून.

मी टेबलापाशी गेले. जवळ जाऊन हळूच सांगावं असं मनात होतं. पण टेबलापर्यंत पोचले आणि वाटलं, हळू सांगितलं तर त्या हळूच मिटवतील आणि हिचा पेपर तसाच उपडा राहील. म्हणून मी वळले आणि बायकांकडं तोंड करून बोलले.

“तक्ता माझा आहे. मीच करून दिला. मला भागाकार येत नाही. दोरा दुमडून केला आणि चुकला. मी सातवी नाही. चौथी शिकलेली आहे.”

कुणीतरी “अगं बाई” म्हणालं. कबनूरकरीण उठून उभी राहिली होती, कापड छातीशी धरून.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “बावीस वर्षं?” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. मग मला वाटलं, आता मान नको. “हो,” म्हणाले.

“माझ्याच हातानं लिहिलंय ते रजिस्टरमध्ये,” त्या म्हणाल्या. रागानं म्हणाल्या, पण राग नक्की कुणावर होता ते मला समजलं नाही. दाखला त्यांनी मागितला नव्हता, हे त्यांनाही आठवत असणार. “आणि लेखीचे तास घ्या म्हटलं तेव्हा तरी सांगायचंत. त्या पोरींचं काय केलंत दोन वर्षं?”

मी खाली बघितलं.

मॅडमनी उपडा ठेवलेला पेपर सुलटा केला. “चार दिवसांनी हिची लेखी पुन्हा घेईन. मी येते, गुडघा गेला खड्ड्यात. तोवर हिला भागाकार शिकवा कुणीतरी.” माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, “तुमचं मग बघू.”

शिकवला बी.कॉम.वालीनं. फळ्याचा खडू हातात घेतल्यावर तिला जोर चढायचा. “चौतीसमध्ये सहा किती वेळा? अगं, बोटं मोजू नकोस! पाढा म्हण!” कबनूरकरीण ओरडून पाढा म्हणायची. पहिल्या दिवशी मी मागं मशीनवर काजं करत बसले. दुसऱ्या दिवशी कबनूरकरीण म्हणाली, “बाई, तिकडं काय करताय? या की हितं. मी यकटीच मार खाऊ व्हय?” मी पुढं जाऊन तिच्याशेजारी बसले. वही मांडीवर घेतली. बी.कॉम.वाली एकदम गडबडली, तिला कळेना मला चुकल्यावर काय म्हणायचं. तिसऱ्या चुकीला तिनं मलाही म्हटलं, “पाढा म्हणा.”

चौतीसमध्ये सहा पाच वेळा. उरले चार. चाराचे काय करायचे ते समजायला मला पूर्ण एक दिवस लागला. समजलं तेव्हा मी गळ्यातला दोरा काढून चौतीसावर तोडला, दुमडला आणि टेपवर धरला. अंगठा मुद्दाम वर उचलून. पावणेसहाला जरा कमी. फळ्यावर होतं तेच. पन्नाशीच्या बाईला रडू यावं असं त्यात काही नव्हतं. पण मी तोंड धुवायला बाहेर गेले.

चार दिवसांनी मॅडम आल्या, पेपर घेतला, तिथंच तपासला आणि तिचा फॉर्म इतर फॉर्मांवर ठेवला. मग रजिस्टर मागवलं. बावीस वर्षांपूर्वीचं पान काढायला वेळ लागला, कडा पिवळ्या पडल्या होत्या. ‘सातवी’वर त्यांनी एक रेघ मारली आणि वर ‘चौथी’ लिहिलं. शेजारी मला सही करायला सांगितली. मी केली.

“चौथीवर शिक्षिका ठेवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “जूनपासून दुसरी बघते. तुम्हाला यायचं असेल तर मदतनीस म्हणून या. कापणी तुमच्यासारखी कुणाची नाही, ते मी नाकारत नाही.”

मी म्हटलं, “येते.” घरी सांगितलं तर नवरा जेवता जेवता थांबला. “मदतनीस?” म्हणाला. मग म्हणाला, “बरं.” त्या दिवशी लेकीलाही फोन केला आणि चौथीचं सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या दहावीच्या वेळी तू रात्री माझ्याशेजारी वही घेऊन बसायचीस, ती कशाला गं?” मी म्हणाले, “तुझं बघून यावं म्हणून.” ती म्हणाली, “विचारायचंस की, आई.”

जूनमध्ये नवी शिक्षिका आली. तरुण आहे, रीतसर शिकलेली. फळ्यावर भराभर लिहिते. मी मागं बसते. मुलींचं कापड कात्रीखाली गेलं की ती मला बोलावते, तेवढं मला पुरतं. मोकळ्या वेळात मी जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर मापं लिहिते. अठ्ठावीसपासून बेचाळीसपर्यंत, नुसती घडी वेगळी, पेर वेगळं. मग पान उरलं की हे असं काही लिहिते.

निकाल लागला त्या दिवशी माझा फोन वाजला तेव्हा वर्ग भरलेला होता. फोन कानाला लावायचीही गरज पडली नाही. पाठीमागं माग चालू होते आणि त्यांच्यावरून तिचा आवाज सगळ्या खोलीत आला.

“बाई! झालो पास! लेखीत बी झालो!”

नवी शिक्षिका खडू हातात धरून थांबली. मुली वळून बघायला लागल्या.

“ऐकताय न्हवं? पेपरात मुंढाच आल्ता. छत्तीसचा. सहा लिवलं आणि यकच पेर मिळवलं. तुमचं पेर घरात ठिवून गेलतो!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. तिकडून एका म्हातारीचा आवाज आला, बहुतेक तिच्या सासूचा. “कुणाला गं एवढ्यानं वरडतीस?”

“आमच्या बाईंना,” ती म्हणाली.